छोटे चित्र, तीन माल

स्वतंत्र चित्रकार कोणाला म्हणायचे ते आधी ठरवून घेऊ. ज्याच्या मागे गॅलरी नाही, ज्याला कुण्या प्रकाशकाचे मानधन ठरलेले नाही, जो स्वतः चित्र काढतो, स्वतःच लोकांना दाखवतो आणि पाकीट चिकटवून स्वतःच पोस्टात नेऊन देतो, तो. त्याची चित्रे लहान असतात: तळहाताएवढी, पोस्टकार्डाएवढी, फार तर वहीच्या पानाएवढी. सोबत त्याच चित्रांची छापलेली भेटकार्डे असतात. असा चित्रकार काटोलसारख्या तालुक्याच्या गावात राहत असेल तर त्याला या धंद्यात काय साधेल, काय साधणार नाही आणि का, एवढाच इथला प्रश्न आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. हा चित्रकार एकच माल विकतो असे त्याला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही वाटते. प्रत्यक्षात तो तीन माल विकत असतो. पहिला, हाताने काढलेले मूळ चित्र. ते एकच असते. दुसरा, त्याची छापील प्रत. अशा प्रती हव्या तेवढ्या निघतात. तिसरा, ते चित्र पुन्हा छापण्याचा हक्क. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बहुतेक वेळा फुकट जातो. तिन्हींचा खर्च वेगळा, भाव ठरवण्याची रीत वेगळी, गिऱ्हाईकही वेगळे. या धंद्यात जे बुडतात ते चित्र वाईट म्हणून क्वचितच बुडतात. तिन्ही मालांचा हिशेब एकाच रकान्यात मांडल्याने बुडतात.

मूळ चित्र

कागदाचा हिशेब सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा. जलरंगाचा पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा. त्यातून ४ बाय ६ इंचांचे २५ तुकडे निघतात. अडीच बाय साडेतीन इंचांचे, म्हणजे पत्त्याच्या पानाएवढे, ७२ निघतात. ताव चांगला, निव्वळ सुती लगद्याचा घेतला तरी एका चित्राच्या वाट्याचा कागद एक-दोन कप चहाच्या पैशांत बसतो. यावरून गिऱ्हाईक तर्क करते की कागद एवढासा, रंग एवढासा, तर भावही एवढासाच असायला हवा. तर्क चुकीचा आहे, कारण चित्र लहान झाले म्हणून त्यामागची कामे लहान होत नाहीत. विषय शोधणे, कच्चे रेखाटन, रंग वाळेपर्यंत थांबणे, सरळ उजेडात फोटो काढणे, विचारणाऱ्या दहा जणांना उत्तरे देणे, पुठ्ठा कापणे, पत्ता लिहिणे, हे सगळे छोट्या चित्राला जेवढे लागते तेवढेच मोठ्याला.

म्हणून निव्वळ चौरस इंचाचा भाव, जो पुष्कळ चित्रकार वापरतात, तो लहान आकारात कोलमडतो. उदाहरणापुरते आकडे धरू. चौरस इंचाला १० रुपये. ८ बाय १० इंचांचे चित्र ८०० रुपयांचे झाले, ४ बाय ६ चे २४० चे, आणि पत्त्याएवढे चित्र साडेसत्त्याऐंशी रुपयांचे. या शेवटच्या आकड्यात पाकीट, पुठ्ठा आणि टपालखर्चसुद्धा धड निघत नाही. चित्रकाराची मजुरी तर दूरच. आता हीच रीत थोडी बदलू. प्रत्येक चित्रावर, आकार कोणताही असो, १५० रुपये ठोक आणि त्यावर क्षेत्रफळाचे १० रुपये. मग मोठे चित्र ९५०, मधले ३९०, छोटे २४० च्या आसपास. मोठ्या चित्राचा भाव जेमतेम वाढला आणि छोटे आपल्या पायावर उभे राहिले. ठोक रक्कम किती, हे ज्याने त्याने आपला वेळ मोजून ठरवावे. पण ती शून्य असता कामा नये.

दुसरा मुद्दा टिकाऊपणाचा. मूळ चित्र विकताना आपण ते काही वर्षे टिकेल असा न बोललेला शब्द देत असतो. सगळे रंग तो शब्द पाळत नाहीत. अलिझारिन क्रिमसन हा जुना गडद लाल किंवा ऑपेरा रोझ नावाचा भडक गुलाबी उन्हात उडतो. बोगनवेलीचे चित्र या गुलाबीत फार सुरेख दिसते आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर हळूहळू फिके पडते. कॅडमियमचा केशरी मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो, त्यामुळे संत्री काढणाऱ्याने त्या रंगावर पैसे वाचवू नयेत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो त्या मुलखात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

तिसरा मुद्दा नाजूक आहे. एक चित्र आवडले की तीन जण म्हणतात, "मलाही तसेच काढून द्या." काढावे का? जामिनी रॉय यांनी कलकत्त्यात आपल्या चित्रांच्या आवृत्त्या हाताने पुनःपुन्हा केल्या, घरच्या माणसांचे हात त्याला लावले आणि भाव साध्या माणसाला परवडतील असे ठेवले. ते त्यांनी लपवले नाही. लपवले नाही, यातच उत्तर आहे. "एकमेव" म्हणून एकाला विकायचे आणि पुढच्या महिन्यात तेच दुसऱ्याला द्यायचे, हा व्यवहार काटोलात फार तर एक हंगाम चालेल. तिथे दोन्ही गिऱ्हाइके एकाच लग्नात जेवायला बसतात.

छोट्या मूळ चित्रांची जगातली दोन अलीकडची उदाहरणे इथे उपयोगी आहेत. झुरिकच्या व्हान्ची स्टिर्नेमान यांनी १९९७ मध्ये पत्त्याच्या आकाराची चित्रे चित्रकारांनी एकमेकांत फक्त बदलायची, विकायची नाहीत, असा रिवाज सुरू केला. पुढे त्याच आकाराची चित्रे विकणाऱ्यांची वेगळी पंगत बसली. आणि अमेरिकेत ड्युएन कायझर यांनी २००४ च्या डिसेंबरपासून रोज पोस्टकार्डाएवढे एक तैलचित्र काढून इंटरनेटवर लिलावाला ठेवले. कायझर यांच्या पद्धतीत मला महत्त्वाचा वाटतो तो रोजचा नेम. गिऱ्हाईक एका चित्रासाठी येते, पण टिकते ते उद्याच्या चित्रासाठी. बदलण्याचा आणि विकण्याचा हेतू मात्र एकाच पाटावर बसवू नये. ज्यांना चित्रे भेट द्यायची त्यांची यादी वेगळी ठेवावी, नाहीतर सगळा गाव भेटीच्या यादीत जातो.

मोठ्या लिलावांचे आकडे या चर्चेत कुणीतरी आणतेच. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, १९२४ चा. त्यांचे एक चित्र २०२१ मध्ये ३९.९८ कोटी रुपयांना गेले. गायतोंडे २००१ मध्येच वारले होते. तो भाव दुसऱ्या, तिसऱ्या मालकाच्या बाजारातला आहे. पोस्टकार्डाएवढ्या चित्राला असा फेरविक्रीचा बाजार नसतो. ते एकदाच विकले जाते, म्हणून चित्रकाराला जे मिळायचे ते त्या एका वेळी मिळाले पाहिजे.

छापील कार्ड

कार्डाचा इतिहास आपल्याकडे कमी नाही. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आले, पाव आण्याचे. पुढे चित्रांची पोस्टकार्डेही निघू लागली. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या माणसांची थट्टेखोर पोस्टकार्डे काढली. मात्र धुरंधर १८९० पासून १९३१ पर्यंत, आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. आपल्या आठवणींच्या पुस्तकालाच त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे नाव दिले. कार्डामागे पगार उभा होता. आजही तालुक्याच्या गावात ज्यांची कार्डे वर्षानुवर्षे निघतात ते बरेचदा शाळेतले कलाशिक्षक असतात. यात कमीपणा काही नाही. उलट, तोटा सोसण्याची ताकद कुठून येते ते यातून कळते.

राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर आणले, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचल्या. छापखाना मात्र कर्जात गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, चित्रे छापण्याच्या हक्कासकट विकावा लागला. एवढा खप असलेल्या चित्रकाराचे हे झाले. खप आणि नफा या दोन गोष्टी आहेत, हे कार्ड छापण्याआधी प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

आता आपले आकडे, पुन्हा उदाहरणापुरते. एकाच चित्राची ५०० कार्डे ऑफसेटवर छापली, नग ८ रुपये पडला, तर खर्च ४,०००. विक्री ३० रुपयांना. दुकानदार ४० टक्के ठेवून घेतो, म्हणजे आपल्या हाती १८. खर्च भरून निघायला २२३ कार्डे विकावी लागतील. काटोलच्या एका दुकानात एकाच चित्राची २२३ कार्डे? लग्नपत्रिका असेल तर होतील. दुसरी वाट डिजिटल छपाईची: ५० च कार्डे, नग २० रुपये, खर्च १,०००. भांडवल कमी अडकले. पण दुकानातून विकले तर दर कार्डामागे २ रुपये तोटा, कारण हाती १८ च येतात. तीच कार्डे स्वतः विकली तर ३४ गेल्यावर खर्च निघतो आणि पुढची १६ नफ्याची. याचा अर्थ सरळ आहे. लहान छपाईला दुकानाचा रस्ता बंद आहे आणि मोठ्या छपाईला लहान गाव पुरत नाही. ज्याला गावात राहून कार्डे काढायची त्याने थोडी छापावीत आणि स्वतःच्या हाताने विकावीत. दुकानदाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यालाही भाडे आहे.

कार्डाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे निमित्त. मूळ चित्र बिननिमित्ताने विकले जाते, कार्ड जात नाही. महाराष्ट्रात एकेकाळी संक्रांतीला चार दाणे हलवा घालून तिळगुळाची कार्डे टपालाने जात. दिवाळीची तर गठ्ठ्याने. पुढे मुलांसाठी काम करणाऱ्या 'क्राय'सारख्या संस्थांनी कार्डाला मदतीचे निमित्त जोडले आणि त्यावर आपली कामे उभी केली. मग मोबाईल आला, शुभेच्छा फुकट झाल्या, आणि निव्वळ शुभेच्छा पोहोचवणारे कार्ड मेले. उरले ते कार्ड, जे ठेवून द्यावेसे वाटते. शांतिनिकेतनात १ आणि २ डिसेंबरला नंदन मेळ्यात कलाभवनाचे विद्यार्थी आणि शिक्षक परवडणाऱ्या भावात छोटी चित्रे आणि कार्डे विकतात. तिथे लोक शुभेच्छा विकत घ्यायला जात नाहीत. त्या हातांचे काम आपल्या घरी असावे म्हणून जातात.

सावंतवाडीचा गंजिफा हेच जास्त स्पष्ट करतो. दशावतारी गंजिफ्याचा डाव १२० गोल पानांचा, प्रत्येक अवताराची बारा, सगळी हाताने रंगवलेली. खेळ जवळजवळ संपला होता. सत्त्वशीलादेवी भोसले आणि शिवरामराजे भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ही कला १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली. आज डाव घेणारे बहुतेक लोक खेळत नाहीत. भेट देतात किंवा मांडून ठेवतात. वस्तूचा जुना उपयोग गेला तरी वस्तू जगली, कारण हाताचे काम आणि संच या दोन गोष्टी टिकल्या. सुट्या कार्डापेक्षा सहा किंवा बाराचा संच करा, हा सल्ला मी यावरूनच देतो.

हक्क

आता दिसत नसलेला माल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकले म्हणजे ते छापण्याचा हक्क विकला असे होत नाही. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. लिहून देताना मुदत घातली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. हक्काचे आयुष्य चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे. इथवर कायदा चित्रकाराच्या बाजूचा आहे.

पण याच कायद्याच्या १७ व्या कलमात एक वळण आहे आणि लहान गावातला चित्रकार नेमका तिथेच अडकतो. कुणी पैसे देऊन, सांगून चित्र काढून घेतले, तर उलट करार नसेल तेव्हा त्या चित्राच्या हक्काचा पहिला मालक सांगणारा असतो. आता काटोलातले बहुतेक काम कसे येते ते पाहा. "आमच्या बगीच्याचे चित्र काढून द्या." "मुलीच्या लग्नपत्रिकेवर घालायला वरात काढा." ही सगळी ऑर्डरची कामे. तेच बगीच्याचे चित्र चित्रकाराने आपणहून काढले असते आणि मग त्याच माणसाने घेतले असते, तर छापण्याचा हक्क चित्रकाराकडे राहिला असता. कागद तोच, रंग तोच, पैसे कदाचित तेवढेच. आधी कोण बोलले यावरून मालकी फिरली. त्यामुळे पुढे त्या बगीचेवाल्याने चित्र आपल्या संत्र्याच्या पेट्यांवर छापले तर रागावून उपयोग नाही. ऑर्डर घेताना व्हॉट्सअॅपवर का होईना, "छापण्याचा हक्क माझ्याकडे राहील" एवढे वाक्य लिहून समोरच्याकडून होकार घ्यावा. मोठे काम असेल तर कागदावर सही घ्यावी.

फेरविक्रीतला हिस्साही याच धाग्याला बांधलेला आहे. मूळ चित्र १०,००० रुपयांपेक्षा जास्त भावाने पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला त्यात जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो, पण तो हक्काचा पहिला मालक असेल तरच. छोट्या चित्रांना हे कलम क्वचित लागू पडेल, म्हणून यापुढे जात नाही. चित्राखाली आपले नाव राहण्याचा आणि त्याची मोडतोड होऊन आपली अब्रू जाऊ न देण्याचा अधिकार मात्र ५७ व्या कलमाने हक्क विकल्यावरही चित्रकाराकडेच राहतो.

काटोलचे गणित

काटोल नागपूरपासून साठेक किलोमीटर, नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावर. गावात पैसा संत्र्याच्या बहराप्रमाणे येतो. आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या आगेमागे तोडीला येतात, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चला. व्यापारी बगीचा झाडावरच मागतो, त्यामुळे रक्कम एकदम हाती येते. चित्रकाराने आपले वर्ष यावर बसवावे. दिवाळी ते संक्रांत कार्डांचे दिवस; मृगाचे पैसे आले की पुढे लग्नसराई, ते मूळ चित्रांचे दिवस, कारण आहेर म्हणून चौकटीतले चित्र शोभते. पावसाळ्यात विकण्यापेक्षा काढावे. त्या दिवसांत पोस्टाने पाठवायचे तर प्लास्टिकच्या पाकिटाशिवाय पाठवू नये.

आपल्याकडे चित्राचे डोळे असलेली माणसे कमी आहेत ही तक्रार मला पटत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेली माणसे दर दुसऱ्या घरात आहेत. स्थिरचित्रातल्या माठाची कड त्यांनी कधीतरी घासून काढली आहे. ही माणसे चित्र पाहतात, फक्त त्यांना विकत घेण्याची सवय नाही. त्यांना ४०० रुपयांचे मूळ चित्र दाखवणे आणि ४,००० चे दाखवणे यांत मोठा फरक पडतो. नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यांत अशीच माणसे मिळतात.

विषयाबाबत एकच सांगतो. जे कुठेही काढता येते ते कुणीही काढते. २२ मे २०१२ ला काटोलवर उल्का पडली आणि त्या दगडांत शास्त्रज्ञांना पृथ्वीच्या पोटात खोलवर असणारे ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. त्या दिवसाच्या आकाशाचा बारा कार्डांचा चित्रसंच काढण्याचा अधिकार काटोलकराइतका कुणाचा आहे? बुद्धाचे डोळे आणि पॅरिसचा पाऊस इतरांना काढू द्यावा.

कराची बाजू थोडक्यात. महाराष्ट्रात निव्वळ माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण परराज्यात करपात्र माल विकला की ही मर्यादा गळून पडते. म्हणजे आठशेच्या आसपास किलोमीटरवरच्या मुंबईला कार्ड पाठवणे सोपे आणि याच रेल्वेमार्गावरच्या, पण मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला पाठवणे अवघड. हाताने केलेल्या हस्तकलेच्या वस्तूंना अटींसह सूट आहे; छापील कार्डाला ती नाही. इथेही मूळ आणि छाप यांचे रस्ते वेगळे झाले. परप्रांतात नियमाने विकणार असाल तर पहिल्या पार्सलाआधी सीएकडे जाऊन या.

मोबाईलवर चित्र दाखवताना मोठ्या मापाची फाइल कुणालाही देऊ नये. लहान मापाची दिली तर पाहणाऱ्याला पुरते आणि छापणाऱ्याला पुरत नाही. फोटोवर आडवे नाव छापून चित्र झाकण्याची पद्धत मला आवडत नाही. कोपऱ्यातली सही बास.

घेणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. भाव जरूर करा, पण पावती मागा. चित्रामागे चित्रकाराचे नाव, वर्ष आणि कोणते रंग वापरले ते लिहून घ्या. आणि ते चित्र दुकानाच्या फलकावर, पेटीवर किंवा पत्रिकेवर छापायचे मनात असेल तर ते पैसे देण्याआधी सांगा आणि त्याचे वेगळे पैसे द्या.